मर रोग आणि पिकाची ताकद: कोल्हापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं तयार करून विकणं हा माझा धंदा. लागणीनंतर महिना-दीड महिन्यानं फोन सुरू होतात आणि त्यातले निम्मे एकाच वाक्यानं सुरू होतात: "रोपं बसाय लागल्यात," म्हणजे मर लागून मान टाकायला लागल्यात. पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. ते इथं एकत्र केलेत. फवारणीचा तक्ता इथं मिळणार नाही. झाड आतून काय करतं ते एकदा कळलं की निम्मी औषधं यादीतून आपोआप गळतात.

पाणी भरपूर दिलंय, तरी दुपारी झाड मान का टाकतं?

पाणी रानात आहे, पानापर्यंत पोचत नाही. मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी चढवणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांना जलवाहिन्या म्हणतात. मरीची बुरशी, म्हणजे बहुतेक वेळा फ्युजेरियम, मुळातून शिरते आणि याच नळ्यांत संसार थाटते. ऊन चढलं की पानांतून पाणी जास्त उडतं आणि अर्धी तुंबलेली नळी तेवढं पुरवू शकत नाही. रात्री मागणी कमी, म्हणून सकाळी झाड पुन्हा ताठ. हे बघून माणूस हमखास आणखी पाणी सोडतो. मग वाफसा मोडतो, मुळं गुदमरतात आणि बुरशीचं काम सोपं होतं.

बुरशीची मर की जिवाणूची, हे घरी कसं ओळखायचं?

बसलेल्या झाडाच्या बुडख्याचा बोटभर तुकडा कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन तुकड्याचं एक टोक त्यात बुडेल असा धरा. दोन-चार मिनिटांत दुधासारखे धागे पाण्यात उतरू लागले तर ती जिवाणूची मर. पाणी नितळ राहिलं तर सालीखाली चाकूनं खरवडून बघा. तिथं तपकिरी रेघ किंवा कडं दिसलं तर फ्युजेरियमचा संशय धरा. बुरशीच्या मरीत बहुधा खालची पानं आधी पिवळी पडतात, टोमॅटोत तर कधी कधी झाडाच्या एकाच बाजूची. जिवाणूच्या मरीत हिरवंगार झाड हिरवं असतानाच लोळतं.

बुडाशी पांढरा कापूस आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर तिसराच प्रकार, स्क्लेरोशियमची खोडकूज. भुईमुगात आणि सोयाबीनमध्ये आपल्याकडं ती बरीच दिसते. खाली लिहिलेलं नळीच्या आतल्या लढाईचं शास्त्र तिला लागू होत नाही, कारण ती बुरशी आत शिरून लपत नाही, बाहेरून कुजवत येते.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' टोमॅटो पानावरचा लीफ कर्ल विषाणू, जिवाणूची मर आणि लवकरचा करपा या तिन्हींना तोंड देण्यासाठी काढलाय. "मर सहन करणारा" एवढंच ऐकून फ्युजेरियमच्या रानात तो लावायचा आणि नंतर वाणाला शिव्या द्यायच्या, यात वाणाचा दोष नाही.

एकाच सरीत एक झाड मरतं आणि शेजारचं ताठ उभं राहतं. आत नक्की काय फरक असतो?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर थोडं लांबणार.

तग धरणाऱ्या झाडात बुरशी शिरतच नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो. ती शिरते. मुळाची कोवळी टोकं, बाजूची मुळी फुटते तिथली फट, खुरपणीत तुटलेलं मूळ, अशा कुठूनही. दोन्ही झाडांच्या मुळात बुरशी सापडते. फरक पडतो तो नळीत पोचल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत.

नळीत शिरलेली बुरशी बारीक बीजाणू सोडते. ते वर चढणाऱ्या पाण्यावर स्वार होऊन पुढं जातात, नळीतल्या आडव्या जाळीशी अडकतात, तिथं रुजतात, जाळी पार करतात आणि पलीकडं पुन्हा बीजाणू सोडतात. एकेक टप्पा करत वरचा मजला गाठायचा, अशी तिची चाल.

यावर झाडाकडं एकच भक्कम उपाय आहे, नळी बंद करणं. नळीला खेटून असलेल्या जिवंत पेशी भिंतीतल्या बारीक छिद्रांतून आत फुग्यासारख्या फुगतात. या फुग्यांना टायलोज म्हणतात. त्यांच्यासोबत डिंकासारखा चिकट पदार्थ सुटतो, छिद्रांवर कॅलोजचा लेप बसतो, भिंती लिग्निननं टणक होतात आणि आजूबाजूला बुरशीला मारक रसायनं साठतात. हरभऱ्यात मेडिकार्पिन आणि माकिआइन, तुरीत कॅजॅनॉल, टोमॅटोत टोमॅटिन. बुरशीही हातावर हात ठेवून बसत नाही. टोमॅटिन तोडणारं विकर तिच्याकडं असतं, शिवाय फ्युजेरिक आम्लासारखी विषं ती सोडते.

आता गंमत बघा. मरणाऱ्या झाडातही हेच फुगे येतात, हाच डिंक सुटतो. कधी कधी तर जास्तच. फरक वेळेचा आणि जागेचा. तग धरणारं झाड खाली मुळातच, बुरशी शिरली तिथं, चार-दोन नळ्या झटकन बंद करतं. बाकीच्या नळ्यांतून पाणी चालू राहतं. कमजोर झाड उशिरा जागं होतं. तोवर बीजाणू वर पसरलेले असतात, मग ते सगळीकडं नळ्या बुजवत सुटतं आणि स्वतःचंच पाणी तोडतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एकानं आग लागलेल्या खोलीचं दार लावलं, दुसऱ्यानं वाड्याची सगळी दारं लावली आणि आत अडकला.

खोड चिरल्यावर दिसणारा तपकिरी रंग हा असा दोघांच्या झटापटीचा डाग असतो, नुसत्या बुरशीचा नव्हे.

मग झाडाला वेळेत कळतं कसं?

जनुकामुळं. टोमॅटोतल्या 'आय-२' या जनुकाचं काम बऱ्यापैकी उलगडलंय. ते नळीला लागून असलेल्या पेशींतच जास्त जागं असतं, म्हणजे पहारा बरोबर वेशीवर बसवलेला. बुरशी झाडाची प्रतिक्रिया दडपण्यासाठी काही प्रथिनं आत सोडते. त्यातलं एक ठरावीक प्रथिन 'आय-२' मुळं ओळखलं जातं. ओळख पटली की वर सांगितलेली नाकाबंदी तातडीनं सुरू होते. ओळख नाही पटली तर तेच झाड, तीच हत्यारं, पण उशीर झालेला असतो.

बियाण्याच्या पाकिटावर 'एफओएल १, २' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

टोमॅटोला लागणाऱ्या फ्युजेरियमच्या पहिल्या आणि दुसऱ्या शर्यतीला हा वाण प्रतिकारक आहे, असा त्याचा अर्थ. शर्यत म्हणजे इथं पळायची नव्हे; इंग्रजी 'रेस'वरून आलेला शब्द, एकाच बुरशीचे उपप्रकार. दिसायला सारखे, पण वेगवेगळ्या पहाऱ्यांना चुकवणारे. काही कंपन्या शर्यती ०, १ अशा मोजतात. म्हणून आकडे किती आहेत ते बघण्याआधी मोजणी कुठून सुरू केलीय ते बघा. 'व्ही' म्हणजे व्हर्टिसिलियम ही थंड हवेतली मर. 'एन' किंवा 'एमआय' हे सूत्रकृमीसाठी, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या बारीक जंतांसाठी असतं.

सूत्रकृमीबद्दल एक सांगायलाच हवं. 'एमआय' हा जनुक जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ढिला पडतो. आपल्याकडं मार्च-एप्रिलला उघड्या सरीत ते सहज जातं. मुळांवर गाठी झाल्या की प्रत्येक गाठ ही बुरशीसाठी उघडं दार. तेव्हा पाकिटावरचं अक्षर उन्हाळ्यातही तेवढंच काम करेल असं धरून चालू नका.

पूर्वी जे वाण टिकायचे ते आता का मरतात? बियाणं बोगस निघालंय का?

कधी निघतंही, नाही असं नाही. पण बऱ्याचदा बियाणं तेच असतं, बुरशी बदललेली असते.

टोमॅटोचीच गोष्ट घ्या. १९३९ साली अमेरिकेत मिसूरीत संशोधकांना दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बारीक, मण्यांएवढ्या फळांच्या एका रानटी टोमॅटोत मरीला दाद न देणारा गुण सापडला. तो जनुक लागवडीच्या टोमॅटोत आणला. लोकांना वाटलं, सुटलो. १९४५ मध्ये ओहायोत या जनुकाला न जुमानणारी दुसरी शर्यत सापडली. तिच्यासाठी 'आय-२' शोधला. मग १९७० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात तिसरी शर्यत निघाली, तिच्यासाठी आणखी एका रानटी जातीतून 'आय-३' आणावा लागला. पाकिटावरच्या त्या छोट्या आकड्यांमागं असा चाळीस वर्षांचा पाठलाग आहे.

बुरशी हे करते कसं? पहारेकरी ज्या प्रथिनावरून ओळखतो ते प्रथिन ती थोडं बदलते किंवा टाकूनच देते. तोंडावरची खूणच पुसली, मग ओळखणार कोण? आपण वर्षानुवर्षं त्याच रानात तोच वाण लावतो, तेव्हा खूण पुसलेल्या बुरशीला निवडून वाढवण्याचं काम आपणच करत असतो.

शेजारच्या हरभऱ्याची मर माझ्या टोमॅटोला लागेल का?

नाही. नाव फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमच असलं तरी हरभऱ्याची, टोमॅटोची, केळीची, कपाशीची जात वेगळी आणि प्रत्येकीचं गिऱ्हाईक ठरलेलं. मात्र दुसऱ्या पिकाच्या मुळांवर ती काही त्रास न देता नुसती टिकून राहू शकते. म्हणून वर्षभर पीक बदललं की रान साफ झालं, असं होत नाही.

दिग्विजय हरभरा पेरला, तरी काही झाडं दाणे भरताना गेली. मग प्रतिकारक कशाला म्हणायचं?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विजय, दिग्विजय हे वाण मरीला प्रतिकारक म्हणूनच दिलेले आहेत. पण प्रतिकारक म्हणजे अमर नव्हे. हरभऱ्यातली मर दोन वेळा येते. एक पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत रोपावस्थेत, दुसरी फुलोऱ्यापासून दाणे भरेपर्यंत. झाडात प्रतिकाराचे गुण किती आणि कोणते आहेत, यावर ही वेळ ठरते.

याचा उलगडा १९८० च्या दशकात हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत झाला. तिथं मुद्दाम मर मुरवलेलं रान राखून वाण तपासतात. 'जेजी ६२' हा वाण त्या रानात लगेच मरतो, म्हणून रोग रानात सगळीकडं आहे की नाही ते बघायला दर काही ओळींनंतर तोच पेरतात. बिचाऱ्याची नेमणूकच मरण्यासाठी. 'के ८५०' आणि 'सी १०४' हे दोन वाण मात्र मरायचे, पण उशिरा. त्या दोघांचा संकर केल्यावर पुढच्या पिढीत अजिबात न मरणारी झाडं निघाली. म्हणजे दोघांकडं वेगवेगळा अर्धवट गुण होता. एकट्यानं बुरशीला फक्त उशीर व्हायचा, दोन्ही एकत्र आल्यावर ती अडली.

तुमच्या रानात झाडं उशिरा गेली याची कारणं तीन असू शकतात: वेगळी शर्यत, घरचं बी राखताना झालेली सरमिसळ, किंवा रानात बुरशीचा साठाच एवढा की पहाराही कमी पडावा. शिवाय पेरणीची वेळ. ऊन असताना, सप्टेंबरातच पेरलेल्या बागायती हरभऱ्याला गरम जमीन मिळते आणि गरम जमीन ही फ्युजेरियमची आवडती. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, गारवा उतरल्यावर पेरलेला हरभरा तीच बुरशी जास्त सोसतो.

ही बुरशी रानात किती वर्षं राहते?

हरभऱ्याची मर पीक नसतानाही सहा वर्षांपर्यंत राहिल्याच्या नोंदी आहेत. जाड कवचाचे बीजाणू करून ती झोपून राहते आणि आवडीच्या मुळाचा पाझर लागला की जागी होते. हरभऱ्यात ती बियाण्यातूनही येते, म्हणून मर लागलेल्या प्लॉटमधलं बी राखू नका.

तुरीला काय?

बीएसएमआर ७३६ आणि आशा (आयसीपीएल ८७११९) हे मर आणि वांझ रोग दोन्ही सोसणारे जुने, भरवशाचे वाण. तुरीची मर भारतात शंभरहून जास्त वर्षं अभ्यासली जातेय. बिहारमधल्या पुसा इथल्या एडविन बटलर यांनी ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्णन केली, आणि फ्युजेरियम उडम या बुरशीच्या नावापुढं आजही त्यांचं आडनाव लागतं. ज्वारीत आंतरपीक घेतलेल्या तुरीला मर कमी लागते, हेही प्रयोगांत दिसलंय. आपल्या आज्या-पणज्या ज्वारीत तुरीच्या ओळी टाकायच्या, त्या काही हे वाचून टाकत नव्हत्या.

उसाला मर लागते का?

लागते. पावसाळा सरल्यावर ऊस हलका वाटतो, पानं पिवळी पडून वाळतात. चिरला तर आत मळकट लालसर-जांभळा रंग आणि होडीच्या आकाराची पोकळी. लाल कुजीशी गल्लत करू नका. तिच्यात लाल भागात आडवे पांढरे पट्टे असतात आणि आंबूस दारूसारखा वास येतो.

टोमॅटोसारखं "हा जनुक, ही शर्यत" असं उसाचं नेटकं गणित मांडता येत नाही. उसात शंभराच्या वर गुणसूत्रं असतात आणि प्रतिकार अनेक बारीक गुणांत वाटलेला असतो. म्हणून तिथं बेण्याला महत्त्व. मर लागलेल्या फडातलं बेणं घ्यायचं नाही, खोडवा ओढत न्यायचा नाही, मूळ पोखरणाऱ्या किडीकडं लक्ष ठेवायचं आणि पाणी साचू द्यायचं नाही. कोल्हापुरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. वाण निवडताना फडातल्या गप्पांपेक्षा तिथं विचारलेलं बरं.

वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम करतात, त्यानं मर थांबते?

बऱ्याच प्रमाणात. लढाई मुळात आणि बुडख्यात होते, तर मूळच बदलून टाकायचं, असा हा सरळ हिशोब. टोमॅटोची फ्युजेरियम वांग्याच्या मुळात जम बसवू शकत नाही, आणि निवडक वांग्याचे खुंट जिवाणूची मरही सोसतात. वांग्यासाठी रानवांग्याचा खुंट वापरतात.

मी स्वतः कलमी रोपं करतो, म्हणून यातली खोच आधी सांगतो. कलमाचा जोड मातीत गेला की टोमॅटोचं खोड स्वतःची मुळं सोडतं आणि सगळा खर्च पाण्यात. माझ्या एका गिऱ्हाइकानं सवयीप्रमाणं रोपं खोल लावून वर भर दिली. त्यातली बरीच दीड महिन्यात बसली. चूक माझीही होती, कारण मी ते तोंडी सांगितलं होतं. तेव्हापासून प्रत्येक ट्रेवर चिठ्ठी चिकटवतो. रोप साध्या रोपापेक्षा बरंच महाग पडतं, त्यामुळं मर नसलेल्या रानात त्याची गरज नाही.

ट्रायकोडर्मा टाकल्यानं झाडाची प्रतिकारशक्ती वाढते, की हे नुसतं विकण्यापुरतं?

दोन्ही बाजूंनी सांगतो. ट्रायकोडर्मा मुळाभोवती जागा अडवते, वाईट बुरशीला खाते, आणि मुळाच्या वरच्या थरात शिरून झाडाला थोडं सावध करते. सावध झालेलं झाड नंतर हल्ला झाला की नाकाबंदी लवकर करतं. स्युडोमोनास फ्ल्युओरेसन्स हा जिवाणूही असंच करतो. हे खरं आहे.

पण ही लस रोगाच्या आधी द्यायची. बियाण्याला किलोमागं ५ ग्रॅम चोळा, किंवा चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात आठ-दहा दिवस सावलीत वाढवून लागणीआधी सरीत टाका. झाड बसल्यावर ड्रिपमधून सोडलेला ट्रायकोडर्मा तुंबलेली नळी उघडत नाही. आणि आज ट्रायकोडर्मा, उद्या कार्बेन्डाझिम असं करू नका. ते औषध आधी आपल्याच बुरशीला मारतं.

मग औषधाची आळवणी, म्हणजे बुडाशी औषध ओतणं?

लागण झालेलं झाड त्यानं परत येत नाही. पहिल्या वर्षी मी स्वतः एका प्लॉटला चार आळवण्या केल्या. दुकानदारानं दरवेळी नवी बाटली दिली, झाडं दरवेळी आधीच्याच वेगानं गेली.

युरिया, चुना, यांचा संबंध आहे का?

आहे, पण रान बघून. अमोनियाच्या रूपातलं नत्र आणि आम्लधर्मी जमीन फ्युजेरियमला मानवते. नायट्रेट आणि सामू (पीएच) साडेसहा-सातच्या आसपास असला तर ती दबते. पन्हाळा, आजरा, चंदगडकडच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत माती तपासून चुना देण्याला अर्थ आहे. शिरोळच्या काळ्या, क्षारपडीकडं झुकलेल्या रानात चुना टाकणं म्हणजे दुखणं विकत घेणं. तिथं निचरा हाच इलाज.

महापुरानंतर मर वाढते की कमी होते?

दोन्ही घडतं, म्हणून लोक गोंधळतात. आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत हवा नसते आणि फ्युजेरियमचा साठा घटतो. भातानंतर घेतलेल्या भाजीला मर कमी लागते ती यामुळंच. राधानगरी, आजऱ्याकडं भाताची खाचरं आहेत त्यांना हा फायदा फुकट मिळतो. पण २०१९ आणि २०२१ सारखा पूर येतो तेव्हा पंचगंगा-कृष्णेचं पाणी एका रानाची माती दुसऱ्या रानात आणून टाकतं, आणि उभ्या पिकाची मुळं गुदमरून दुबळी होतात. पुराच्या गाळावर लगेच मरीला हळवं पीक घेणार असाल तर आधी एखादं तृणधान्य घेऊन बघा.

गावठी वाण मरीला दाद देत नाहीत, हे खरं का?

सरसकट नाही. ज्या गावात ती मर पिढ्यान्‌पिढ्या होती तिथल्या वाणात कमजोर झाडं मरून टिकाऊ उरलेली असतात. १८९९ नंतर अमेरिकेत विल्यम ऑर्टन यांनी कपाशीत हेच केलं: मर लागलेल्या शेतात जी झाडं उभी राहिली त्यांचंच बी धरलं. मरीशी कधी गाठच न पडलेला गावठी वाण मात्र संकरितापेक्षाही लवकर लोळू शकतो.

मेलेली झाडं बांधावर टाकली तर चालेल?

नाही. मुळासकट, भोवतालच्या मातीसह उपटून पोत्यात भरा आणि जाळा. उकिरड्यात तर मुळीच नको, तेच खत पुढच्या वर्षी सरीत येतं. खुरपं, टिकाव, पॉवर टिलरची पाती त्या कोपऱ्यातून बाहेर काढताना धुवा. एप्रिल-मे मध्ये रान मोकळं असेल तर ओल देऊन पारदर्शक प्लास्टिक अंथरा, चार ते सहा आठवडे कडा दाबून ठेवा. आपल्या उन्हात वरच्या थरातला साठा त्यानं चांगला घटतो. काळं मल्चिंग त्या कामाचं नाही.

माझ्या रानात कोणती शर्यत आहे ते कळेल का?

डोळ्यांनी नाही. त्यासाठी बुरशी वेगळी करून ठरावीक वाणांच्या रोपांवर तपासावी लागते. मात्र मर कशाची आहे एवढं तरी नक्की करून घ्या. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात किंवा कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवा. पूर्ण मेलेलं, वाळलेलं झाड नेऊ नका, त्यावर इतर बुरशा चढलेल्या असतात. नुकतंच मान टाकायला लागलेलं झाड मुळासकट काढा, माती हलकेच झटका, ओल्या कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलेला नमुना तिथं पोचेपर्यंत भाजी झालेला असतो.